परड्यातलं रताळं

सुनेनं परड्यात रताळ्याचा वेल लावला की आमच्यात बोलणी सुरू होतात. "जैनाच्या घरात कंदमूळ?" माझ्या माहितीतल्या एकीनं शेजारणीकडून चार वेल आणून वरंब्यावर टोचले. स्वतः खायला नव्हेत, शेजारणीच्याच कार्तिकी एकादशीला द्यायला. कंद धरायच्या आत घरच्यांनी ते उपटायला लावले. त्याच आठवड्यात त्यांच्या रानात तंबाखूची लावण चालली होती!

मी कंदमुळं खात नाही, नियम मोडा असंही सांगत नाही. पण नियम कशासाठी ते बघा की. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात मुळा, ओलं आलं सोडायला सांगितलं, ते फळ थोडं आणि घात फार म्हणून. रताळ्याचं नाव तिथं नाही. असणार कसं? रताळं आलं अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या काळात. आचार्यांचंच माप लावून आपण ते वर्ज्यात बसवलं, बरोबर केलं. पण तंबाखूही त्याच अमेरिकेतून, त्याच पोर्तुगीजांच्या काळात आला. त्याला हे माप का नाही?

लावून तर बघा. शेंडे आणि फुटवे खुडायला बायका. चिकानं हात काळे होतात, ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, घेरी येते, उलट्या होतात. वखारीत धुरळा खाऊन खोकणाऱ्या बायकाच. विड्या वळून पाठ मोडते तीही बायकांचीच. आणि शेवटी ओढणाऱ्याची फुप्फुसं. एवढ्या घातापुढं परड्यातल्या चार वेलांचा घात केवढा?

"ती उद्योगी हिंसा, श्रावकाला चुकत नाही," असं उत्तर तयार असतं. पोटाचं मला कळतं. 1981 साली तंबाखूच्या दरासाठी निपाणीत शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. पण मग बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदीकडं रताळ्यावर घर चालवणाऱ्याला काय पोट नाही? त्याचं पाप आणि आपला उद्योग, हे कुठल्या शास्त्रात?

खरं सांगू? ताटातले नियम बायकांनी पाळायचे असतात, म्हणून ते कडक. रानातले नियम पुरुषांना अडवतात, म्हणून ते निघालेच नाहीत.

येत्या दशलक्षण पर्वात बस्तीत आम्हाला हे सोडा, ते सोडा असे नियम देतीलच. आम्ही घेऊ. त्याच दिवशी समोर बसलेल्या कारभाऱ्यांनाही एक द्यावा: दर वर्षी तंबाखूचे पाच गुंठे कमी, तिथं ज्वारी नाहीतर सोयाबीन. तो घेईपर्यंत सुनांच्या परड्यात डोकावायला येऊ नये.