एआय महिन्याभरात जाहिरात बनवतं, मग हिरवा पडदा आणि रोबो कॅमेरा अजून का लागतो?

नोव्हेंबर 2025 मध्ये तुमच्या फीडवर दोन व्हिडिओ येऊन गेले असतील. पहिला, कोका-कोलाची नाताळची जाहिरात. लाल ट्रक, बर्फ आणि त्या ट्रककडे डोळे विस्फारून बघणारे प्राणी, सगळं एआयनं बनवलेलं. दुसरा ॲपल टीव्हीचा, म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याआधी काही सेकंद दिसणारा नवा लोगो. हा लोगो मात्र खरोखरच काचेचा घडवला, त्याच्याभोवती रंगीत दिवे फिरवले आणि कॅमेऱ्यानं शूट केला. कसा केला त्याचाही व्हिडिओ बाहेर आला.

कमेंटमध्ये कोकवाल्यांना शिव्या पडल्या आणि ॲपलवाल्यांचं कौतुक झालं. विषय तिथंच संपवता आला असता. पण कोकच्या जाहिरातीत लोकांनी एक गोष्ट पकडली, ती जास्त महत्त्वाची आहे. ट्रक शॉटगणिक बदलतोय. एका शॉटमध्ये चाकं इतकी, पुढच्या शॉटमध्ये वेगळीच.

ही चूक का झाली, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

कोकचे हे लाल ट्रक पहिल्यांदा दिसले ते 1995 च्या जाहिरातीत. त्यातली दिव्यांची जादू केली होती ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या कंपनीनं. ही कंपनी जॉर्ज लुकासनं 1975 मध्ये ‘स्टार वॉर्स’साठी उभी केली. तेव्हा अडचण अशी होती की अंतराळयानांची लढाई दाखवायची, पण हातात होती फक्त छोटी मॉडेल्स. एक यान आज शूट करायचं, दुसरं उद्या, चांदण्या परवा, आणि मग सगळं एका चित्रात बसवायचं. त्यासाठी कॅमेरा तिन्ही वेळा अगदी तस्साच फिरायला हवा. केसाइतका फरक पडला तरी यान चांदण्यांवर घसरताना दिसणार.

माणसाच्या हाताला हे जमत नाही. म्हणून जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या टीमनं कॅमेऱ्याची हालचाल नोंदवून ठेवणारं आणि हवी तितक्या वेळा तीच पुन्हा करणारं यंत्र बनवलं. नाव पडलं डायक्स्ट्राफ्लेक्स. 1977 मध्ये सिनेमा आला आणि पुढं हे तंत्र ‘मोशन कंट्रोल’ म्हणून रुजलं. थोडक्यात सांगायचं तर, कॅमेऱ्याला पाढा पाठ करायला लावायचा.

आता हिरव्या पडद्याकडं येऊ. याचं गणित सगळ्यांना वरवर माहिती असतं. कॉम्प्युटरला सांगायचं, जिथं हा हिरवा दिसेल तिथं भोक पाड आणि मागं दुसरं चित्र लाव. हिरवाच का, तर माणसाच्या कातडीत तो रंग कमी असतो, आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये हिरवा टिपणारे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. म्हणजे हिरव्याची माहिती जास्त स्वच्छ मिळते. फिल्मच्या काळात निळा पडदा जास्त चालायचा.

पण समजा दागिन्यांची जाहिरात आहे आणि नवरी मराठी आहे. हातात हिरवा चुडा. हिरव्या पडद्यापुढं उभी केली की मनगटाच्या जागी भोक पडणार! मग निळा पडदा आणायचा. आणि तिनं निळी पैठणी नेसली असेल, तर दिग्दर्शकानं कपाळाला हात लावायचा.

काच, पाणी, मोकळे केस ही तर कायमची डोकेदुखी. काचेच्या बाटलीतून मागचा हिरवा आरपार दिसतो, कडांवर हिरवी झाक येते. ती साफ करायला कोणीतरी दिवसेंदिवस एकेक फ्रेम घेऊन बसतं. ‘ते नंतर कॉम्प्युटरवर करू’ असं सेटवर सहज म्हटलं जातं, त्यातलं ‘नंतर’ म्हणजे हा माणूस.

पडदा आणि यंत्र एकत्र आले की काय होतं, ते चहाच्या जाहिरातीत बघा. कपात चहा पडतोय, थेंब उडतायत, कॅमेरा थेंबांना वळसा घालून बिस्किटाच्या पुड्यापाशी येऊन थांबतो. खऱ्या आयुष्यात चहा उडण्याचा हा प्रकार अर्ध्या सेकंदात संपतो. सेकंदाला 1000 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यानं शूट केला तर त्या अर्ध्या सेकंदाच्या 500 फ्रेम होतात. नेहमीच्या 25 फ्रेमच्या वेगानं दाखवल्या की पडद्यावर 20 सेकंद. म्हणजे तुम्ही निवांत बघताय तो वळसा कॅमेऱ्यानं प्रत्यक्षात अर्ध्या सेकंदात घेतलेला असतो. त्यासाठी ‘बोल्ट’सारखा रोबो हात लागतो. मार्क रॉबर्ट्स मोशन कंट्रोल ही ब्रिटिश कंपनी तो बनवते, आणि 2016 मध्ये ही कंपनी निकॉननं विकत घेतली. चहा ओतणारं भांडंसुद्धा याच यंत्रणेला जोडता येतं, त्यामुळं थेंब आणि कॅमेरा ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी भेटतात. मुंबईत जाहिरातींच्या शूटिंगला हे रोबो आता नवलाचे राहिलेले नाहीत.

खरी गंमत पुढं आहे. एका फेरीत फक्त चहा शूट होतो. दुसऱ्या फेरीत हिरव्या पडद्यापुढं फक्त पुडा, त्याला वेगळं लायटिंग. तिसऱ्या फेरीत रिकामं टेबल. मार्ग तोच असल्यामुळं पुड्याची फेरी सावकाश घेतली तरी चालते. तीच हालचाल आकड्यांच्या रूपात थ्रीडी सॉफ्टवेअरला दिली की मागची कॉम्प्युटरनं रंगवलेली बागही कॅमेऱ्याबरोबर बरोब्बर सरकते. सगळे थर जुळतात आणि तरी सुटे राहतात.

हे सुटं राहणंच पैशाचं आहे. जाहिरात बघून क्लायंट म्हणतो, “छान झालंय, फक्त पुड्यावरचं नाव जरा उजळ करा.” इथं फक्त पुड्याचा थर उघडायचा. एआयला तेच सांगितलं तर ते बरेचदा सगळं चित्र नव्यानं रचतं. नाव उजळतं, पण बिस्किटाची नक्षी बदलते. कोकच्या ट्रकची चाकं बदलली ती याच कारणानं. तिथं ट्रक नावाची एक ठराविक वस्तू नव्हतीच, प्रत्येक शॉटला नवा अंदाज होता. वॉल स्ट्रीट जर्नलच्या बातमीनुसार या जाहिरातीसाठी 70 हजारांवर क्लिप तयार कराव्या लागल्या आणि सुमारे 100 लोक कामाला होते. एक बटण दाबलं आणि झालं, असा तो प्रकार नाही.

पण म्हणून एआय फसलं असा अर्थ काढणं घाईचं होईल. जिथं पूर्वी वर्ष लागायचं तिथं काम महिन्यावर आलं, हा हिशोब कंपन्या सोडणार नाहीत. आणि जे जुनं तंत्र आपण डोक्यावर घेतोय, त्याची माणसं आधीच अडचणीत आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर समूह कोसळला. जाहिरातींच्या व्हीएफएक्समध्ये दरारा असलेली ‘द मिल’ याच समूहाची. बेंगळुरू आणि मुंबईतल्या लोकांच्याही नोकऱ्या गेल्या. याचं खापर एआयवर फोडता येत नाही. डोक्यावरचं कर्ज आणि 2023 च्या हॉलिवूड संपानंतर आटलेली कामं ही कारणं आधीपासून होती. पण त्यातल्या अनेकांना आता नवी नोकरी शोधायची आहे ती अशा बाजारात, जिथं साफसफाईची खालच्या पायरीची कामं एआय सगळ्यात आधी उचलतंय.

आता प्रश्न उरतो फसवणुकीचा. ‘खरं शूट केलं म्हणजे प्रामाणिक’ असं आपण धरून चालतो, ते काही पटत नाही. 1959 मध्ये अमेरिकेत रॅपिड शेव्ह या दाढीच्या क्रीमची जाहिरात आली. क्रीम लावलं आणि लगेच सँडपेपर तासला, असा दावा. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच, प्लॅस्टिकच्या काचेवर चिकटवलेली वाळू होती. ना एआय, ना हिरवा पडदा, सगळं कॅमेऱ्यासमोर. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1965 मध्ये कंपनी हरली. बागेत उभा असलेला हिरो खरं तर स्टुडिओत होता, यानं कुणाचं नुकसान होत नाही. क्रीम काय करतं हे खोटं दाखवलं तर होतं. आपल्याकडंही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड आहे. ती कुठल्या तंत्रानं बनवली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2025 मध्ये आणलेला मसुदा मात्र तंत्राकडं बघत होता. एआयसारख्या साधनांनी बनवलेल्या दृश्यावर किमान 10 टक्के जागा व्यापणारं लेबल असावं, असं त्यात म्हटलं होतं. पण त्यातली व्याख्या बरीच रुंद होती. कॉम्प्युटरनं तयार केलेलं किंवा बदललेलं आणि खरं वाटावं असं काहीही त्यात बसू शकलं असतं. तसं वाचलं तर हिरव्या पडद्यापुढं शूट करून मागं बाग लावलेली आपली चहाची जाहिरातसुद्धा त्यात आली असती, आणि सँडपेपरवाली आली नसती.