बाळाचे गाल आणि आजोबांचें उपरणें

संस्कृत भाषेंतील ‘द्विज’ शब्दाचे तीन अर्थ आम्ही कित्येक वर्षें वर्गांत फळ्यावर लिहीत आलों. उपनयनानें दुसरा जन्म पावलेला तो एक. अंड्यांतून पुनः जन्मणारा पक्षी हा दुसरा. आणि एकदां पडून पुनः उगवणारा दांत हा तिसरा. ह्या तिसऱ्या अर्थास मुलें नेहमीं हंसत, आणि आम्हीही हंसत असूं. परंतु ह्या तिसऱ्या द्विजाचा पहिला जन्म घरांतील माणसांची कशी परीक्षा घेतो, हें गेल्या मासीं आम्हांस आमच्याच ओसरीवर शिकावें लागलें. तो धडा वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचा नातू चवदा महिन्यांचा आहे. पुढचे दांत त्याला विशेष त्रास न होतां आले. आतां दाढांची पाळी आली, आणि लाळेच्या अखंड धारा सुरू झाल्या. अंगरखा भिजे, दुपटें भिजे, मांडीवर घेणाराचें धोतरही भिजे. दोन दिवसांत हनुवटी लाल झाली. तिसऱ्या दिवशीं ओठांभोंवतीं व दोन्ही गालांवर रव्याच्या कणांसारखें पुरळ उठलें, आणि गळ्याच्या वळींत त्वचा सोलल्यासारखी दिसूं लागली.

लगेच घरांत न्यायसभा भरली. आमच्या सौभाग्यवतींनीं दृष्टीचें निदान करून मीठमोहऱ्या ओंवाळल्या. शेजारच्या काकूंनीं सूनबाईंस विचारलें, “लोणचें खात होतीस ना ग? अंगावर पीत आहे अजून. आईच्या खाण्यानेंच उठतें हें.” चिरंजीवांनीं कपाटांतून कोणे काळीं नायट्यासाठीं आणलेली मलमाची नळी शोधून काढली. आणि आम्ही? आम्हीं स्वच्छतेचें व्रत घेतलें. खांद्यावरच्या उपरण्यानें बाळाचें तोंड घटकेघटकेस खसखसून पुसण्याचें काम आम्हीं मोठ्या निष्ठेनें चालविलें. सूनबाई मात्र कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं लोणचें सोडलें, चिंच सोडली, आणि त्या खालीं मान घालून वावरूं लागल्या.

चौथ्या दिवशीं त्यांनींच हट्ट धरून बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे नेलें. आम्ही बरोबर गेलों. ह्या वैद्यबाई एके काळीं आमच्याच वर्गांत होत्या. त्यांनीं बाळाचें तोंड, तळहात, तळपाय, पाठ, कोपर व गुडघे नीट पाहिले, ताप पाहिला, आणि मग आमच्याकडे वळून विचारलें, “गुरुजी, दिवसांतून किती वेळां पुसतां?”

“पन्नास वेळां तरी,” आम्हीं अभिमानानें उत्तर दिलें.

“कशानें?”

आम्हीं खांद्यावरचें खळ घातलेलें उपरणें पुढें केलें. बाईंनीं तें बोटांत चोळून पाहिलें आणि त्या हंसल्या. “हें पुरळ दांतांचें नाहीं, लाळेचें आहे. आणि त्यांतलें निम्में ह्या उपरण्याचें आहे. वहीवर शाई सांडली तर तुम्ही आम्हांस काय सांगत होतां? पुसूं नका, टीपकागदानें टिपा.”

साठी उलटल्यावर स्वतःच्याच शिष्येकडून स्वतःचाच धडा ऐकण्याची वेळ आली. परंतु धडा खरा होता. त्याचें विवरण असें.

लाळ ही अन्न पचविण्यासाठीं आहे. तिच्यांत पाचक द्रव्यें असतात. तोंडाच्या आंतील अस्तरास ती बाधत नाही. परंतु बाहेरची कोवळी त्वचा तासन् तास ओली राहिली म्हणजे मऊ पडते, तिचें स्वाभाविक स्निग्ध कवच जातें, आणि मग लाळ व अन्नाचे आंबट कण तिला झोंबतात. अशा भिजून हळव्या झालेल्या त्वचेवर कोरडें कापड घासलें, तर आगीत तेल ओतल्यासारखेंच होतें. म्हणजे दांत हा मूळ अपराधी नव्हे. दांतामुळें लाळ गळते, लाळेमुळें त्वचा भिजते, आणि भिजलेली त्वचा घासल्यानें पुरळ उठतें, अशी ही कार्यकारणांची साखळी आहे. दांत येणें आपल्या हातीं नाहीं. परंतु पुढच्या दोन कड्या तोडणें आपल्या हातीं आहे.

बाईंनीं सांगितलेला उपचार इतका साधा होता कीं, प्रथम आमचा विश्वासच बसेना. सकाळ-संध्याकाळ व जेवणानंतर तोंड कोमट पाण्यानें हलकेंच धुवावें. सुगंधी साबण लावूं नये. जुन्या, धुवून मऊ झालेल्या सुती कापडानें लाळ टिपावी, घासूं नये. गळ्याच्या वळ्या विसरूं नयेत. त्वचा कोरडी झाल्यावर बिनवासाच्या साध्या व्हॅसलिनचा पातळ थर हनुवटी, गाल व गळा ह्यांवर द्यावा. हा थर औषध नव्हे, कवच आहे. फणस चिरतांना चीक चिकटूं नये म्हणून आपण हातांस आधीं तेल लावतों, नंतर नव्हे. तसाच हा प्रकार. म्हणून तो झोंपेच्या आधीं, जेवणाच्या आधीं, आणि बाहेर वाऱ्यांत नेण्याच्या आधीं लावावा. टोमॅटो, संत्रें, लिंबू असले आंबट पदार्थ तोंडाभोंवतीं लागूनही लाली वाढते. त्यासाठीं पदार्थ बंद करण्याचें सहसा कारण नाहीं, आधीं व्हॅसलिन लावलें व नंतर तोंड टिपलें म्हणजे पुरे. लाळेरें ओलें झालें कीं बदलावें. ओलें लाळेरें गळ्यास बांधून ठेवणें म्हणजे पोटीस बांधण्यासारखेंच आहे. रात्रीं लाळेरें काढून ठेवावें, म्हणजे गळ्यास फांस बसण्याचें भय नाहीं.

हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ सारखें कांहींतरी चावावयास मागतें. स्वच्छ धुतलेल्या बोटानें हिरडी हळू चोळावी, किंवा गार पाण्यांत भिजवून पिळलेलें स्वच्छ फडकें आपल्या देखत चावावयास द्यावें. बर्फासारखी गोठलेली वस्तु देऊं नये. तिनें हिरडीस इजा होते. गाजराचा तुकडाही नको; नवा दांत तो तोडतो, पण चावीत नाहीं, आणि तुकडा घशांत अडकतो.

काय करूं नये, हें सांगणें ह्याहूनही अगत्याचें आहे. चिरंजीवांच्या हातची ती नळी बाईंनीं ठेवून घेतली. खाज व नायटे ह्यांवर सर्रास विकल्या जाणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतें. त्यानें लाली दोन दिवसांत मावळते, म्हणून लोकांस तें अद्भुत वाटतें. परंतु चेहऱ्याच्या नाजूक त्वचेवर वैद्यांच्या सल्ल्यावांचून तें लावीत गेल्यास त्वचा पातळ पडते, आणि पुरळ पहिल्याहून जोरानें उलटतें. डाळीचें पीठ चोळूं नये, पावडर थापूं नये. हिरड्यांस मधांत टांकणखाराची लाही कालवून लावण्याची चाल आमच्या लहानपणीं घरोघर होती. टांकणखार पोटांत जाऊन लहान मुलांस झटके आल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. आणि एक वर्षाच्या आंतील मुलास तर मधाचें बोटही देऊं नये, कारण त्यांतील जंतुबीजांनीं क्वचित् प्राणघातक पक्षाघात होतो. हिरडी बधिर करणाऱ्या बेंझोकेनच्या मलमांविरुद्ध अमेरिकेच्या औषध-नियामकांनीं २०१८ सालीं इशारा दिला, आणि त्याच वर्षीं दांत येणाऱ्या मुलांच्या गळ्यांत घालावयाच्या माळांविरुद्धही दिला.

विलायतेंतील शहाणपणही एके काळीं ह्याहून निराळें नव्हतें. तेथें दांत येणाऱ्या मुलांस पाऱ्याचें कॅलोमेल घातलेलीं चूर्णें पिढ्यान् पिढ्या दिलीं जात. त्या मुलांचे हात, पाय व नाक लाल होऊन सोलत. मुलें चिडचिडीं होऊन खंगत, आणि कांहीं दगावतही. ह्या रोगास ‘पिंक डिसीज’ म्हणत, आणि त्याचें कारण कोणास उमगत नसे. चूर्णांतील पारा हेंच कारण होय असें ध्यानांत आलें, १९५४ सालीं ब्रिटनच्या बाजारांतून तीं चूर्णें गेलीं, आणि त्यांच्या मागोमाग रोगही गेला. दांतांच्या नांवावर खपणारें पुरळ दांतांच्या औषधाचेंच होतें!

आमच्या ग्रंथांकडे वळावें तर वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत दंतोद्भव हा सर्व रोगांचें कारण म्हणून सांगितला आहे, आणि मोराला तुरा फुटतांना होणाऱ्या पीडेची उपमा त्यास दिली आहे. हें वचन जुन्या घरांत सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्याच ठिकाणीं तो पुढें असेंही सांगतो कीं, दांतांमुळें होणाऱ्या विकारांत बालकास उपचारांनीं फार जखडूं नये. दांत आले म्हणजे ते विकार आपोआप शमतात. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणें विसरलों. पहिल्या भागाविषयीं म्हणाल, तर अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील वैद्यांनीं १२५ बालकांच्या रोजच्या नोंदी ठेववून २००० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. दांत फुटण्याच्या आगेमागें लाळ, चावणें, चिडचिड, जाग्रण, चेहऱ्यावरील पुरळ व अंगाची किंचित् ऊब हीं वाढलेलीं आढळलीं. परंतु खऱ्या मोठ्या तापाचा दांतांशीं संबंध आढळला नाहीं.

हें वाक्य आम्हीं वाचलें तेव्हां आम्हांस पुढचें वाचवेना. त्याचें कारण सांगितल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं.

१९६७ सालची गोष्ट. आम्ही त्या वेळीं सातआठ वर्षांचे असूं. आमची धाकटी बहीण अकरा महिन्यांची होती. तिला ताप आला, नाक गळूं लागलें, डोळे लाल झाले, खोकला लागला. खालचे दोन दांत नुकतेच दिसत होते. म्हणून घरांतील वडील मंडळींनीं ठरविलें कीं हा दांतांचा ताप. चौथ्या दिवशीं कानांच्या मागून पुरळ उठलें, चेहऱ्यावर आलें, आणि खालीं अंगभर उतरलें. तरीही दांतच. वर आईस दोष देण्यांत आला कीं, तिनें पोटांत उष्ण घेतलें. मुलीचा श्वास भात्यासारखा चालूं लागला, तेव्हां बैलगाडी जोडली. तालुक्याच्या गांवीं पोहोंचण्यापूर्वींच सर्व आटोपलें होतें. तो गोवर होता आणि छातींत उतरला होता, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्या काळीं गोवराची लस आपल्या देशांतील मुलांस मिळत नव्हती; राष्ट्रीय कार्यक्रमांत ती १९८५ सालीं आली. आज ती नऊ महिने पुरे झाल्यावर एकदां व सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान पुनः एकदां देतात, तरी २०२२ सालीं मुंबईंत गोवरानें मुलें दगावलींच. आमच्या आईनें मात्र त्या दिवसापासून मरेपर्यंत मिरचीस हात लावला नाहीं. आपण खाल्ल्यानें मुलगी गेली, असें तिला कोणी सांगितलें होतें, आणि तसें नव्हे हें सांगणारें कोणी नव्हतें.

म्हणून खालील लक्षणें दिसतांच दांतांचें नांव काढूं नये, वैद्य गांठावा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल. पुरळ तोंडाभोंवतीं न राहतां अंगभर पसरत असेल. तापाबरोबर खोकला व लाल डोळे असतील. तोंडांत, तळहातांवर व तळपायांवर फोड असतील. पुरळांतून पाणी येऊन मधासारखी पिवळी खपली धरत असेल, कारण तो संसर्गजन्य विकार असून घरांतील इतर मुलांस लागतो. गाल कोरडे, खरखरीत होऊन बाळ सारखें खाजवीत असेल. अथवा साधा उपचार करूनही आठवड्यांत उतार नसेल. नवा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळांत गांधी उठल्या, ओठ वा डोळे सुजले, श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें. तसेंच तांबडे-जांभळे ठिपके कांचेच्या पेल्यानें दाबूनही मावळत नसतील, किंवा मूल मलूल पडून पीत नसेल, तरीही तेंच करावें.

आमच्या नातवास ह्यांपैकीं कांहीं नव्हतें. उपरणें खुंटीवर गेलें. सूनबाईंच्या जुन्या सुती साडीचे चौकोन करून ओसरीवर ठेवण्यांत आले. पांचव्या दिवशीं गाल निवळले. लाळ अजून आहे, तेव्हां लाली मधून मधून डोकावते, आणि दोन दिवसांत जाते. ह्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं, हें आतां घरांत सर्वांस कळलें आहे. दुधाचे वीसही दांत येईपर्यंत, म्हणजे अडीच-तीन वर्षांचा होईतों, हा पाहुणा असाच येऊन जाऊन असावयाचा.

दवाखान्यांतून परततांना आम्हीं वाटेंत कैरीच्या लोणच्याची बरणी घेतली. घरीं आल्यावर ती सूनबाईंच्या हातीं दिली आणि म्हटलें, “तुमचें कांहीं चुकलें नव्हतें. चुकलें होतें तें आमचें, आणि त्या वेळीं गप्प बसलों हें त्याहून अधिक.”

त्यांनीं बरणीकडे पाहिलें, आणि डोळे टिपले. टिपलेच, पुसले नाहींत.