निरपराधांपुरता तरी करार

इस्रायल आणि लेबनॉन यांच्या सीमेवरील युद्ध केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले, हे सांगणे इतिहासकारालाही कठीण जावे. १९७८ आणि १९८२ मधील इस्रायलच्या स्वाऱ्या, २००० मधील माघार, २००६ चे ३४ दिवसांचे युद्ध आणि ८ ऑक्टोबर २०२३ पासून पुन्हा सुरू झालेला मारा, या केवळ ठळक तारखा होत. मधल्या काळात तेथील माणसाच्या वाट्याला शांतता आली नाही. दोन भडक्यांमधील उसंत तेवढी आली.

उत्तर इस्रायलमधील किर्यात श्मोना हे गाव सीमेला इतके लागून आहे की, भोंगा वाजल्यावर आसऱ्याला धावण्यास काही क्षणच मिळतात. पलीकडे बिंत जुबैलच्या रहिवाशाला ना भोंगा, ना तळघर. हिजबुल्लाचे अग्निबाण आणि इस्रायलची विमाने यांच्या संहारशक्तीत महदंतर आहे. २००६ मध्ये लेबनॉनमध्ये हजाराहून अधिक, तर इस्रायलमध्ये सुमारे १६० माणसे मेली. २०२३ नंतर उत्तर इस्रायलमधील सुमारे ६० हजार लोकांना घरे सोडावी लागली. लेबनॉनमध्ये २०२४ च्या अखेरीस बेघरांची संख्या दहा लाखांपलीकडे गेली. हे अंतर विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु २७ जुलै २०२४ रोजी गोलान टेकड्यांवरील मजदल शम्स येथे खेळाच्या मैदानावर अग्निबाण पडून बारा मुले दगावली, त्यांच्या आईबापांचे या तुलनेने कोणते सांत्वन होणार?

कत्युशा जातीचा अग्निबाण नेमका कोठे पडेल, हे तो सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. असे अस्त्र वस्तीच्या दिशेने सोडणे हा प्रतिकार नव्हे. तसेच, आधी इशारा दिला म्हणून राहते घर शत्रूचे ठाणे ठरत नाही.

यावर उपाय नाही, असे म्हणणाऱ्यांनी १९९६ चा एप्रिल आठवावा. त्या महिन्याच्या १८ तारखेला काना येथील राष्ट्रसंघाच्या तळावर आश्रयास आलेली शंभराहून अधिक माणसे इस्रायली तोफांच्या माऱ्यात ठार झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक समझोता झाला: कोणत्याही बाजूने नागरिकांवर हल्ला करू नये आणि वस्तीच्या आडून मारा करू नये. देखरेखीसाठी अमेरिका, फ्रान्स, सीरिया, लेबनॉन आणि इस्रायल यांची समिती नेमली गेली. सैनिकांमधील लढाई थांबली नाही, समझोत्याचा भंगही झाला. परंतु तक्रार नेण्यास एक दार उघडे होते.

अशा कराराने युद्ध सुसह्य होते आणि म्हणून लांबते, हा आक्षेप निराधार नाही. पण कराराअभावी ते आखूड झाले, असेही दिसत नाही. २७ नोव्हेंबर २०२४ च्या शस्त्रसंधीनंतरही हल्ले पुरते थांबले नाहीत.

हा प्रश्न आपल्याला सर्वस्वी परका नाही. कोकणातून गेलेली बेने इस्रायली कुटुंबे इस्रायलमध्ये नांदत आहेत, आणि १९९८ पासून भारतीय तुकडीने दक्षिण लेबनॉनमध्ये राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत काम केले आहे. दोन्ही बाजूंशी बोलू शकणाऱ्या देशाने निदान या मर्यादित कराराचा आग्रह धरावा. सीमा कोठे आखावी, याचा निवाडा होईल तेव्हा होवो. मुलांनी मैदानावर निर्धास्त खेळावे, एवढ्यासाठी त्या निवाड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.