अद्भुताची वाटणी

रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्याचा वारसा जिवंत आहे, असे अलीकडे ठामपणे सांगितले जाते आणि पुरावा म्हणून ‘हाऊसफुल्ल’चा फलक दाखवला जातो. २०१८ साली ‘अलबत्या गलबत्या’ नव्या संचात रंगमंचावर आले, वैभव मांगले यांची चेटकीण गाजली, एकाच दिवशी पाच प्रयोग करण्याचा विक्रम झाला. त्यामागोमाग त्याच निर्मात्याने आणि चिन्मय मांडलेकर या त्याच दिग्दर्शकाने ‘निम्मा शिम्मा राक्षस’ उभे केले. चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात किंवा पिंपरीच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात सुटीच्या दिवसांत आईबापांचे बोट धरून आलेली मुले पाहिली, की या फलकाला खोटे ठरवण्याचा हुरूप कोणालाही राहू नये. प्रश्न फलकाचा नाहीच. तिकिटाच्या खिडकीवरचे यश म्हणजे वाङ्मयीन वारसा, हे समीकरण ज्या सहजतेने मान्य झाले, त्या सहजतेचा आहे. आणि नाट्यसमीक्षेने त्याबाबत पाळलेल्या मौनाचा आहे.

वारसा म्हटला की वाटणी आली. मतकरींच्या बाबतीत ती दोनदा झाली. पहिली समीक्षकांनी केली. ‘आरण्यक’ आणि ‘लोककथा ७८’ लिहिणारा नाटककार त्यांनी आपल्याकडे ठेवला, गूढकथाकार लोकप्रिय वाचकांना देऊन टाकला, आणि बालनाट्यकाराला कौतुकाचे दोन शब्द देऊन बालसाहित्याच्या परसात पाठवला. २०१८ या एकाच वर्षी ‘आरण्यक’ पुन्हा रंगमंचावर आले, ‘अलबत्या गलबत्या’चे पुनरुज्जीवन झाले आणि साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही मतकरींना मिळाला. एका लेखकाच्या तीन बाजू एकत्र पाहण्याची याहून चांगली संधी कोणती होती? ती कोणी घेतली नाही. महायुद्धानंतर अरण्यात गेलेल्या वृद्धांचे नाटक, गावाने मिळून केलेल्या अत्याचाराचे नाटक आणि राक्षसाचे नाटक लिहिणारा हात एकच आहे. तिन्ही ठिकाणी माणसाच्या हाती आलेल्या बेसुमार सामर्थ्याचा शोध चालू आहे, असे म्हणण्याचे धाडस समीक्षेला झाले नाही. राक्षस मुलांचा आणि सत्ता मोठ्यांची, अशी आपली टापटीप.

इतिहास थोडक्यात असा. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि त्यासाठी मतकरींनी ‘मधुमंजिरी’ लिहिले. १९६२ साली मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. बँकेची नोकरी सांभाळून (ती त्यांनी १९७८ पर्यंत केली) आणि प्रतिभा मतकरी यांच्या साथीने त्यांनी ती पदरमोड करून चालवली. योगायोग असा, की महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापनाही १९६२ चीच. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पाठोपाठ पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शेतांत कारखाने उभे राहू लागले होते. तिकडे मुंबईत एक बँक कर्मचारी मुलांसाठी राजकन्येची सावली हरवून दाखवण्याच्या खटपटीला लागला होता. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तो असायला हवा होता, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय, हे भरताने सांगून ठेवले आहे. परंतु मुलांच्या विस्मयाविषयी आपली समजूत आजही अशी, की मूल भोळे असते म्हणून त्याला चेटकीण खरी वाटते. ‘अलबत्या गलबत्या’च्या चेटकिणीने ही समजूत केव्हाच मोडीत काढली आहे. मूळ संचात ही भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली, पुढे मांगले यांनी केली, त्यांच्यानंतरही ती पुरुष नटाकडेच राहिली. लुगड्यातला हा बुवा आहे हे पाचव्या रांगेतल्या मुलालाही ठाऊक असते. ठाऊक असूनही ते घाबरते, आणि घाबरता घाबरता हसते. टोल्किन यांनी १९३९ च्या परीकथांवरील व्याख्यानात नाटक आणि अद्भुत यांचे मुळातच जमत नाही, असा निर्वाळा दिला होता. रंगमंच हे आधीच एक बनावट जग, त्यात दुसरी बनावट घुसडली की दोन्ही कोसळतात, असा त्यांचा युक्तिवाद. राक्षसाचा उंदीर होतो ते दृश्य त्यांनी रंगमंचावर पाहिले होते आणि त्यांचे समाधान झाले नव्हते. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो रंगमंचाकडून आभासाची अपेक्षा करतो. दशावतारात संकासुर आणि सोंगी भारुडात सोंग पाहत वाढलेल्या समाजाला ती अपेक्षा कधीच नव्हती. मतकरींचे बालनाट्य याच जमिनीवर उभे आहे. तिथे बनावट लपवायची नसते. मुलाच्या देखत, त्याला भागीदार करून ती करायची असते.

हे लक्षात घेतले म्हणजे पुनरुज्जीवनात काय हरवू शकते ते कळते. नेपथ्याची भव्यता, दूरचित्रवाणी वाहिनीचा वरदहस्त, मालिकांतून ओळखीचा झालेला चेहरा यांमुळे प्रेक्षक येतो, हे खरे. पण भव्यता वाढत जाते तसतसा मुलाच्या वाट्याचा बनाव कमी होतो. मांगले यांच्यासारख्या नटाने ही भागीदारी आपल्या अंगभूत ताकदीने टिकवली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र जे नटावर अवलंबून आहे ते निर्मितीच्या व्यवस्थेचे श्रेय म्हणून सांगू नये. रूपांतरांच्या बाजारात मुलाचे काय होते, याचे याहून ठळक उदाहरण २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ या चित्रपटात सापडते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा शाळकरी बनेश तिथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसण्याच्या वयाचा झाला. चित्रपट चांगला चालला, अमेय वाघ यांनी कामही चोख केले. फक्त मूल वयात येऊन निघून गेले.

दुसरी वाटणी अधिक गंभीर आहे, कारण ती सद्हेतूने झाली. मतकरींनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्तीतील मुलांनी आपल्याच जगण्यातून विषय घ्यावेत, आपणच नाटिका बसवाव्यात आणि एरवी ज्या रंगमंचाकडे पाहण्याचीही सोय नव्हती त्यावर त्या कराव्यात, ही त्यामागची कल्पना. २०२० च्या मे महिन्यात करोनाने मतकरींना नेले, तोवर ते या कामात होते. या उपक्रमाची थोरवी निर्विवाद आहे. वाद आहे तो त्याच्या नावाने रूढ झालेल्या एका धारणेशी. तिकीट काढणाऱ्याच्या मुलाला चेटकीण, वस्तीतल्या मुलाला ‘समस्या’. एकाला विस्मय, दुसऱ्याला प्रबोधन. मतकरींनी दोन्ही दिले होते. आपण त्यांतले एक एका वर्गाला आणि दुसरे दुसऱ्या वर्गाला वाटून टाकले. राज्य शासनाच्या आणि कामगार कल्याण मंडळाच्या बालनाट्य स्पर्धा थोडा वेळ बसून पाहाव्यात. पर्यावरण, मोबाइलचे व्यसन, परीक्षेचा ताण, शेतकऱ्याची आत्महत्या. दहा वर्षांचे मूल पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या आवाजात संदेश देते आणि परीक्षक टाळ्या वाजवतात.

यावर पुरोगामी आक्षेप ठरलेला आहे: राजा, राजकन्या, राक्षस हा सरंजामी ऐवज, कष्टकऱ्याच्या मुलाला त्याचे काय? हा आक्षेप घेणाऱ्यांनी तेंडुलकरांच्या एका बालनाट्याचे नुसते नाव आठवावे: ‘राजाराणीला घाम हवा’. राजाच्या गोष्टीत घामाचा हिशेब मांडता येतो, इतकेच नव्हे तर तो तिथेच उघडपणे मांडता येतो. जॅक झाइप्स यांच्यासारख्या अभ्यासकाने १९७९ साली परीकथांचा सामाजिक इतिहास मांडताना दाखवले ते हेच, की या कथा दुबळ्यांनी बळवंतांविषयी रचलेल्या होत्या आणि पुढे त्या सजवून दिवाणखान्यात नेल्या गेल्या.

आता चाकणकडे वळावे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील उत्पादन २००७ साली थांबले. त्याआधीच चाकणला नवा कारखाना उभा होता, पुढे फोक्सवॅगन, महिंद्र आले. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कामगाराला संघटना होती, वसाहत होती, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत रंग लावून उभे राहण्याची संधी होती. चाकणच्या कंत्राटी कामगाराला सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे दोनशे चाळीस दिवस भरण्याआधी तो कागदावरून नाहीसा होतो आणि पुन्हा नव्याने प्रकट होतो. अदृश्य होण्याची ही किमया कोणत्याही जादूगाराला लाजवील. त्याचे मूल खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, महाळुंगे येथील दहा बाय दहाच्या खोलीत राहते आणि ‘वास्तव’ चोवीस तास पाहते. त्याच्यापुढे पुन्हा त्याच खोलीचे नाटक ठेवणे हे प्रबोधन खचितच नव्हे. २०१८ साली पोलीस आयुक्तालयाने चाकणला पिंपरी-चिंचवडशी जोडले. नाट्यव्यवहाराने अद्याप जोडलेले नाही. भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह नाशिक रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटर, तिकीट काही शे रुपयांचे, माणसे चार, आणि रविवारीही पाळी असतेच. २०२४ च्या जानेवारीत शंभरावे नाट्यसंमेलन याच नगरीत थाटाने झाले. या अंतराची मोजणी तिथे अजेंड्यावर असायला हवी होती.

राहतो भाषेचा मुद्दा. ही मुले बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेल्यांची. आणि जी मराठवाडा-विदर्भातली, त्यांचीही मराठी पाठ्यपुस्तकाची नव्हे. त्यांना हे नाटक कळेल कसे? येथे मतकरींची शीर्षकेच साक्षीला येतात. ‘निम्मा शिम्मा’, ‘अचाटगावची अफाट मावशी’, ‘अलबत्या गलबत्या’. या नावांना कोशाची गरज लागत नाही. ती आधी कानाला कळतात, मग जिभेला, आणि अर्थ सवडीने मागून येतो. संदेशाच्या नाटकाला शब्दार्थावाचून गत्यंतर नसते, अद्भुताच्या नाटकाला नाद पुरतो. परभाषक मुलाला मराठीत घेण्याचा याहून सोपा दरवाजा कोणत्या शिक्षणशास्त्रज्ञाने दाखवला असेल तर तो पुढे आणावा.

आणि ‘अलबत्या गलबत्या’ म्हणजे तरी काय? मराठीत तो वाक्प्रचार आहे. सोम्यागोम्या, कोणीतरी ऐरागैरा, ज्याची गणती होत नाही असा. मतकरींनी त्या गणतीबाहेरच्या माणसाचे नाव नाटकाच्या माथ्यावर लिहिले. पुनरुज्जीवनाच्या जाहिरातींत आणि परीक्षणांत चेटकिणीने हे नाव झाकोळून टाकले, हा योगायोग मानायला मन धजत नाही. ज्यांचे ते नाव आहे, ते प्रेक्षागृहात नाहीत.

यावर निर्मात्यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांनी व्यवसाय केला आणि बऱ्यापैकी केला. दोष विद्यापीठीय मराठी विभागांचा, ज्यांच्या नाट्येतिहासाच्या अभ्यासपत्रिकेत बालनाट्याला टीपेपुरती जागा असते. दोष नाट्यपरिषदेच्या शाखांचा, महापालिकेचा आणि आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून शाळांच्या भिंती रंगवून देणाऱ्या कारखान्यांचाही. मतकरींच्या संहिता छापील आहेत. प्रयोगाची परवानगी रीतसर मिळवता येते. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा रंगमंचाइतका लांब असतो, आणि चेटकिणीला लागणारे जुने लुगडे मेदनकरवाडीच्या कोणत्याही दांडीवर वाळत असते.