आंबट जिन?

गोव्याच्या नव्या जिनांबद्दल हल्ली कौतुकाने लिहितात, 'मस्त सिट्रसी, जराशी आंबट'. आंबट? अहो, सायट्रिक आम्ल भट्टीत वाफेबरोबर वर चढतच नाही! चढतं ते सालीतलं तेल. आंबटपणा तुम्हीच पिळलेल्या लिंबाचा. (किंवा टॉनिकचा, त्यातही बहुधा तेच आम्ल असतं.)

बर्फाच्या गारठ्यात चव काय कळणार, कप्पाळ? आधी नुसती हुंगा. मग ४२.८ टक्क्यांची जिन तेवढंच साधं पाणी घालून निम्मी करा आणि घोट घ्या. संत्र्याची साल पुढे येईलच, पण तिच्यामागे ज्युनिपरचा राळेसारखा वास उरतो का? युरोपातला कायदाही ज्युनिपरचीच चव मुख्य मागतो. ती नसेल तर ती संत्र्याची व्होडका, बाटलीवर काही का छापलेलं असेना.

आणि 'सिट्रस' म्हणजे नक्की कोण हो? लिंबू, ईडलिंबू, महाळुंग की पपनस?