दीडने गुणून लेबल होत नाही

लेबल-प्रिंटर बदलला की सॉफ्टवेअरवाल्यांचा उपाय ठरलेला: सगळे आकडे दीडने गुणा. जुना प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे मिलिमीटरला ८ डॉट. नवा ३०० चा, म्हणजे साधारण १२. बाराला आठाने भागलं, दीड आला, बिल लावलं. याला मी प्रोग्रॅमिंग म्हणणार नाही. हा निव्वळ आळस आहे आणि तो भलत्याच माणसाला भोवतो.

गुणाकाराने मजकुराची जागा जमते, चौकटी जमतात. बारकोड जमत नाही. झेब्रा प्रिंटरच्या झेडपीएल भाषेत सर्वांत बारीक रेघेची जाडी ‘बीवाय’ या आज्ञेने देतात आणि ती पूर्ण डॉटमध्येच द्यावी लागते. प्रिंटहेडवरचा डॉट तापतो किंवा तापत नाही. अर्धा डॉट छापताच येत नाही. बीवाय २ चा ३ होतो, तिथे कुणाचं काही बिघडत नाही. बीवाय ३ चे होतात साडेचार. कोडमध्ये कुणीतरी राउंड टाकून ठेवलेलं असतं, त्याचे पाच होतात, बारकोड अकरा टक्के जास्त रुंद होतो आणि बाजूची कोरी जागा खातो. दुकानातल्या मालावरच्या ईएएन-१३ बारकोडला डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मोड्यूल, म्हणजे तितक्या बारीक रेघांएवढी, कोरी जागा हवीच. ती गेली की स्कॅनर अडतो.

वास्तविक ईएएन-१३ च्या मोड्यूलचं मूळ माप ०.३३ मिलिमीटर, आणि ते सहसा ०.२६४ च्या खाली नेत नाहीत. २०३ वर दोन डॉट ०.२५ भरतात, म्हणून तिथे तीन घेतलेले बरे. ३०० वर चार डॉट घेतले तर ०.३४, म्हणजे जवळपास नेमकं मूळ माप! महागडा प्रिंटर घेतल्याचा फायदा हाच होता, आणि राउंड करणाऱ्याने तो घालवला.

याहून वाईट म्हणजे अख्खं लेबल चित्र करून ताणणारे. तीन डॉटची रेघ कुठे चार होते, कुठे पाच. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि ‘साहेब, प्रिंट एकदम क्लिअर आहे’ असं सांगून लोक मोकळे होतात. बारकोड डोळ्यांनी तपासायचाच कशाला? बारकोडला ग्रेड देणारा व्हेरिफायर कशासाठी असतो?

एका पॅथॉलॉजी लॅबमधल्या रक्ताच्या नळ्या मी पाहिल्या आहेत. नवा प्रिंटर आला, स्कॅनर कोड घेईना, आणि टेक्निशियन बाई एकेका नळीवरचा नंबर हाताने टाइप करत होत्या. एक आकडा चुकला तर रिपोर्ट दुसऱ्याच पेशंटच्या नावावर जाऊ शकतो. सॉफ्टवेअर देणाऱ्याने फोनवर सल्ला दिला, स्कॅनरची काच पुसा. मला त्या उत्तराची अजून चीड येते.

माप मिलिमीटरमध्ये ठेवा, डॉट शेवटच्या पायरीवर काढा, यात अवघड काय आहे? झेडपीएलमध्ये ‘एमयू’ आज्ञेने मिलिमीटर देता येतात. टीएससी प्रिंटरच्या टीएसपीएल भाषेत कागदाचा आकार मिलिमीटरमध्ये देता येतो, पण मजकुराची जागा डॉटमध्ये. तिथे रूपांतराचं एक छोटं फंक्शन लिहावं लागतं. रेघेची जाडी मात्र कुठल्याही फंक्शनवर सोडू नका. प्रत्येक रिझोल्यूशनसाठी ती माणसाने निवडून कोडमध्ये लिहावी, बारकोड छापून व्हेरिफायरखाली धरावा आणि मिळालेला ग्रेड ग्राहकाच्या हातात द्यावा. ग्राहकांनीही तो ग्रेड हातात पडेपर्यंत बिल थांबवून ठेवावं.