उसन्या नावावरचा पगार

मंडळी, या विकेंडला जरा वादाचा विषय घेतोय. बोईसर, नालासोपारा, पालघर... या पट्ट्यातून एक बातमी अधूनमधून येतेच. अमुक इतके बांगलादेशी नागरिक सापडले, जवळ आधार कार्ड मिळालं. त्यावर प्रतिक्रियाही ठरलेल्या. एक गट म्हणतो हाकला सगळ्यांना, दुसरा म्हणतो जाऊ द्या हो, पोटासाठी आलेत. माझं भांडण दोघांशीही आहे. कारण एक साधा प्रश्न कोणीच विचारत नाही: त्याला कामावर घेतलं कोणी?

आधी कायदा बघू. १ सप्टेंबर २०२५ पासून देशात नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झालाय. १९४६ चा जुना कायदा गेला. वैध पासपोर्टशिवाय शिरलात तर ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरला तर किमान २ आणि कमाल ७ वर्षं, शिवाय १ ते १० लाख दंड. दुसऱ्याचं नाव लावून फसवणूक केली तर भारतीय न्याय संहितेखाली वेगळी ५ वर्षांपर्यंत कैद. आणि आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पकडलेल्या माणसावरच!

म्हणजे कायदा मऊ आहे असं कोणी म्हणू नये. प्रश्न तो कुणावर चालतो याचा आहे. मदत करणाऱ्यालाही शिक्षा ही तरतूद २००४ पासून कायद्यात आहे. पण बातमीत नाव येतं ते मजुराचं. मुकादम, ठेकेदार आणि ज्याच्या शेडमध्ये काम चाललं तो मालक, हे बातमीत क्वचितच दिसतात.

उसन्या कार्डाचा व्यवहार नीट समजून घ्या. कार्ड एकाचं, घाम दुसऱ्याचा. पीएफ कापलाच, तर तो कार्डवाल्याच्या खात्यात जातो. ओव्हरटाइम बुडवला तर तक्रार कुठे करणार? पोलिसात गेला तर आधी तोच आत. ठेकेदाराला यापेक्षा स्वस्त आणि गप्प बसणारा माणूस कुठे मिळणार? तेव्हा 'पोटासाठी आलाय, चालू द्या' म्हणणाऱ्यांनो, तुमच्या दयेचा फायदा ठेकेदार खातोय. आणि त्याच नाक्यावर उभ्या असलेल्या डहाणू-जव्हारच्या आदिवासी मजुराची मजुरीही त्यामुळे खाली येते.

तारापूर एमआयडीसी म्हणजे केमिकलचं गाव. ११ जानेवारी २०२० ला इथल्या एका कारखान्यात स्फोट होऊन ८ जण गेले. ते उसन्या नावाचे होते असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण उद्या अशा ठिकाणी उसन्या नावाचा माणूस गेला तर? मस्टरवर जो मेला तो गावी जिवंत आहे, आणि जो खरा मेला त्याची कुठेच नोंद नाही. कंत्राटी कामगाराच्या अपघाताची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते, हे तत्त्व १९२३ पासूनचं आहे. पण वारसाने दावा करायचा कुणाच्या नावाने?

"पण कार्ड खोटं आहे हे ठेकेदाराला कसं कळणार?" ही पळवाट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तरी सांगू नका. आधारवरच्या क्यूआर कोडला डिजिटल सही असते. मोफत ॲपने स्कॅन केलं की नाव आणि फोटो समोर. फोटो आणि चेहरा जुळवा, दोन मिनिटांचं काम. आपण काय करतो? झेरॉक्स घेतो आणि फायलीत लावतो. हे म्हणजे पासवर्ड न तपासता फक्त युजरनेम विचारून लॉगिन देणं झालं.

अर्थात स्कॅन केलं की सगळं सुटलं असंही नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानेही सांगितलं की आधार, पॅन, मतदार कार्ड असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. पण निदान उसनं कार्ड तरी गेटवरच पकडलं जाईल.

आता 'हाकला' गटाकडे वळतो. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकललं गेलं. नंतर ते भारतीय निघाले आणि परत आणावे लागले. बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी, हा तपास नव्हे. आणि नेपाळी नागरिकाला १९५० च्या करारामुळे इथे काम करता येतं, हेही लक्षात असू द्या.

बाहेर काय चालतं? ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला दर माणशी ६०,००० पाउंडांपर्यंत दंड होतो. अमेरिकेत कागद तपासायची जबाबदारी १९८६ पासून मालकावर आहे. ऑनसाइट गेलेल्या आपल्या मित्रांना विचारा, पहिल्याच आठवड्यात आय-नाइन फॉर्म भरावा लागतो.

थोडक्यात काय, तीन गोष्टी करा. गेटवर झेरॉक्स बंद, स्कॅन सुरू. प्रत्येक अटकेमागे ठेकेदार आणि मूळ मालक यांची चौकशी सक्तीची. आणि परत पाठवण्याआधी केलेल्या कामाची मजुरी हातात, कारण ती बुडवली तर गुन्ह्याचा नफा ठेकेदाराच्याच खिशात राहतो. मजूर पकडला की त्याच्या जागी दुसरा येतो. ठेकेदाराचं लायसन्स गेलं, की मात्र पुढचा ठेकेदार कार्ड नीट बघून घेईल.